इंदुरातली बाग: मुळांचं काम रंगपंचमीच्या आत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या आणि लोकमान्य नगरातली त्यांची जुनी बाग तुमच्या गळ्यात पडली. अंगणात एक कलमी आंबा, कागदी लिंबू, कढीपत्ता, जास्वंद. गच्चीवर चाळीसेक गमले, म्हणजे कुंड्या, त्यात मोगरा, गुलाब आणि फुलून संपलेली शेवंती. तुम्ही नाशिकच्या, इथे दोनच उन्हाळे काढलेत. पहिल्या वर्षी पाडव्याच्या मुहूर्तावर सगळं नव्या मातीत लावलंत, रोज पाणी घातलंत, तरी निम्मे गमले मेमध्ये वाळले. गेल्या वर्षी मोगऱ्याला नुसती पानं आणि फुलं जेमतेम ओंजळभर. लिंबाची फुलं गळतात. मोबाइलवर सगळे सांगतात की वसंत आला, छाटा, माती बदला, खत घाला. आणि यंदा पाडव्याला आठ दिवस माहेरी जायचंय, तोवर काय काय उरकायचं, हे विचारलंत.

'काकू' म्हणून लिहिलंत, म्हणून जरा हक्कानं सांगते. बत्तीस वर्षं मी या गावात रोपं विकतेय आणि लोकांच्या बागा बघतेय. फेब्रुवारी उजाडला की हाच प्रश्न येतो, आणि पाडवा उलटला की त्याच घरांतून 'अहो, सगळं सुकलं' असा फोन येतो.

ते व्हिडिओ मुळात थंड मुलुखातल्या वेळापत्रकावर बेतलेले असतात. तिकडे बर्फ वितळतं, वसंत लागतो आणि झाडाला पुढे चार-पाच महिने सुखाचे मिळतात. आपल्याकडे वसंत पंचमीला झाड डोळे उघडतं, मार्च संपता संपता पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि मेमध्ये चाळिशी ओलांडतो. मधे मिळतात ते पाच-सहा आठवडे. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या गार रात्रींचं कौतुक आहे आणि ते खरंही आहे, पण झाडाचा जीव जातो तो दुपारी.

म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे. ज्या कामात मुळांना हात लागतो, म्हणजे गमला बदलणं, माती बदलणं, मुळं कापणं, झाड हलवणं, ते सगळं रंगपंचमीच्या आत. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, निघाली की खुरपं फक्त वरची माती हलवण्यापुरतं. होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटाला. उशिरा आली तर पंचांगाकडे बघू नका. पहाटे गच्चीवर जाताना शाल घ्यावीशी वाटेनाशी झाली की मुळांचा हंगाम संपला असं समजा.

कारण साधं आहे. मुळांना हात लागला की पाणी ओढणारे टोकाचे बारीक केस तुटतात. ते परत यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात पानं तर पाणी उडवतच असतात. फेब्रुवारीच्या उन्हात झाड हे निभावून नेतं. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटल्यावर नाही. तुम्ही पाडव्याला लावलेली झाडं एप्रिलभर वरून हिरवी दिसली असतील, कारण जुन्या साठ्यावर चालली होती. मेमध्ये साठा संपला. मुहूर्त उत्तम होता हो, पण तो गुढीसाठी.

दुसरं कारण तुमच्या मातीत आहे. 'रोज पाणी घालत होते तरी वाळलं' हे वाक्य वाचलं आणि मला तुमचा गमला न बघताही दिसला. सासूबाईंनी अंगणातली काळी माती भरली असणार. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. जमिनीत तिला भेगा पडतात त्या सगळ्यांना दिसतात. गमल्यात ती चहूबाजूंनी काठ सोडते. काठ आणि माती यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट पडते. वरून तांब्या ओतला की पाणी त्या फटीतून सुळकन खाली जातं, भोकातून बाहेर येतं आणि आपण समाधानानं पुढच्या गमल्याकडे वळतो. मधला गोळा विटेसारखा कोरडाच. खात्री करायची असेल तर वाळलेला एखादा गमला आजच पालथा करा. बाहेरची बोटभर माती ओली आणि आतून धूळ निघाली, तर तेच झालं.

तेव्हा मिश्रण बदला. एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, वर अर्धा भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट. बारा इंची गमल्याला मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नको म्हणणारेही भेटतील. माझं तसं मत नाही. ती ओल धरते, अन्न धरते आणि आपल्या गावात फुकट मिळते. फक्त ती एकटी नको. ज्या गमल्यांची माती यंदा बदलणं होणार नाही, त्यांची ती काठाची फट बोटानं दाबून बुजवा, खुरप्यानं वरचे दोन इंच मोकळे करा आणि पाणी दोनदा घाला. पहिलं थोडं, दहा मिनिटांनी दुसरं. पहिल्या पाण्यानं माती फुगून फट मिटते, दुसरं आत मुरतं.

शेणखताबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. एका फेब्रुवारीत स्वस्तात ट्रॉलीभर मिळालं म्हणून घेतलं. वरून काळं, भुसभुशीत, छान दिसत होतं. आत कच्चं होतं. महिनाभरात त्यातून हुमणीच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या निघाल्या, मागोमाग वाळवी आली, आणि शेवंतीचे अकरा मातृगमले, म्हणजे कलमांसाठी राखलेली झाडं, मुळासकट गेले. तेव्हापासून ट्रॉली उतरवण्याआधी दोन मुठी पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस सावलीत ठेवते. पिशवी उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर माल घ्यायचा. नाकाला झोंबलं तर परत. विकणारा कितीही जुना ओळखीचा असो.

आता मोगरा, कारण त्याची वेळ खरं तर निघून चालली आहे. महाशिवरात्रीच्या आत हे करा. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर तो आहे तेवढ्या पानांवर समाधान मानतो. आठ-दहा दिवस पाणी जवळजवळ तोडा, नुसतं मरणार नाही इतकंच द्या. पानं मलूल होतील, काही पिवळी पडून गळतील, घाबरू नका. मग सगळ्या फांद्या साधारण निम्म्यावर छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक काड्या बुडातून काढा, उरलेली पानं हातानं ओरबाडून टाका. बिचारा अगदी केविलवाणा दिसतो. माझ्या सासूबाई असा मोगरा पाहून म्हणाल्या होत्या, 'याचं मुंडन केलंस की काय!'

त्याच दिवशी गमला आडवा करून झाड गोळ्यासकट काढा. आदल्या संध्याकाळी पाणी घातलेलं असू द्या, म्हणजे गोळा फुटत नाही. सहा वर्षं एकाच गमल्यात असलेल्या मोगऱ्याचा गोळा मी कालच एकीकडे काढला. तळाशी माती नव्हतीच. पिवळसर मुळं गमल्याच्या तळाचा आकार घेऊन गोल गोल फिरलेली, चक्क शेवयांचं भेंडोळं, आणि खालच्या भोकातून एक मूळ बाहेर येऊन पुन्हा आत शिरलेलं. अशा झाडाला वरून कितीही खत द्या, घेणार कुठून? धारदार सुरीनं तळाचा पाव भाग केकसारखा सपाट कापून टाका, बाजूंना तीन-चार उभे चिरे द्या, नव्या मिश्रणात बसवा, भरपूर पाणी द्या आणि आठ दिवस सकाळचं ऊन येईल पण दुपारचं नाही अशा जागी ठेवा. नंतर गच्चीवरची सगळ्यात उन्हाची जागा त्याची. पाच-सहा तास ऊन नसेल तर मोगरा पानंच देतो. तुमच्याकडे गेल्या वर्षी टाकीच्या सावलीत होता का, ते एकदा आठवून बघा. आणि युरिया दिला असेल तर तेही पानांच्या कारणांत धरा. छाटल्यापासून दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसतात.

गुलाबाच्या बाबतीत उलट. त्याची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. ती वेळ गेली. आता फक्त फुलून गेलेली फुलं दोन पानांखाली कापा, काळ्या पडलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत उतरवा आणि कलमाच्या गाठीखालून फुटलेले धुमारे मुळाशी धरून उपटा. ते खालच्या रानगुलाबाचे असतात, पानं बारीक आणि बहुधा सात-सात. कापून सोडलेत तर दुप्पट येतात. मार्चपासून पानांच्या मागे लाल कोळी येतो. पानं धुळकट, फिकट दिसू लागली की पांढऱ्या कागदावर झटकून बघा. कागदावर तिखटाची पूड चालायला लागली तर तोच. त्याला औषधाआधी पाणी. एक दिवसाआड सकाळी पानांच्या मागून जोरात फवारा मारा, आठवड्यात निम्मं काम होतं. नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड येतं, तो दिवस कोळ्याचा.

जास्वंद एक तृतीयांश छाटा, कढीपत्त्याचे शेंडे खुडा म्हणजे तो उंच न जाता पसरेल. शेवंती चार बोटं ठेवून कापा आणि बुडाशी आलेले मुनवे, म्हणजे मुळाजवळून निघालेले फुटवे, तसेच राहू द्या. ती आता फुलणार नाही. तिला फक्त जगवून पावसाळ्यापर्यंत न्यायची आहे, जुलैत त्याच मुनव्यांच्या शेंड्यांची कलमं करता येतात. अर्धसावलीत ठेवा आणि विसरा, पाणी मात्र विसरू नका. डेलिया असेल तर पानं पूर्ण वाळू द्या, मग कंद काढून कोरड्या वाळूत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. एवढ्यावर हा भाग सोडते, कारण ही मंडळी मुकाट्यानं ऐकतात.

आंबा आणि लिंबू ही झाडं सध्या बाळंतीण आहेत. त्यांना कात्री लावू नका, भरमसाट पाणी देऊ नका. लिंबाला या दिवसांत आलेल्या फुलांना आंबे बहार म्हणतात, आंब्याबरोबर मोहरतो म्हणून. फुलं गळण्याचं बहुतेक वेळा कारण पाणी असतं, आणि तेही कमी-जास्त होणारं पाणी. चार दिवस कोरडं, मग एकदम बादली, की झाड फुलं टाकतं. बुंध्यापासून हात-दीड हात लांब, फांद्यांची सावली जिथे पडते त्या कडेला गोल आळं करा आणि आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं वाढवत पाणी द्या. बुंध्याशी माती ओली राहिली की डिंक येतो. नवी पानं शिरा हिरव्या आणि मधे पिवळी अशी दिसत असतील तर तो आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीचा गुण. जस्त असून झाडाला उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, कोवळ्या पानांवर संध्याकाळी फवारा. पण फुलं भरात असताना नको, फळं धरल्यावर. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी अळी दिसली तर ती फुलपाखराची. दोन-चार असतील तर मी राहू देते. झाड लहान असेल तर उचलून रस्त्यापलीकडच्या लिंबावर नेऊन सोडते, त्या घरचे माझं हे वाचणार नाहीत अशी आशा आहे.

आंब्याच्या मोहोरावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, आणि ऊन कडक झाल्यावर अजिबात नाही. तुडतुड्यांसाठी लोक मोहोर पूर्ण उमललेला असताना विषारी औषध मारतात. ते करू नका. फळ धरवणाऱ्या माश्या आणि मधमाश्या त्याच वेळी त्यावर असतात. फळं वाटाण्याएवढी झाली की मगच पाणी वाढवा. त्यानंतर कैऱ्यांचा सडा पडेल. हजारो फुलांतून हातावर मोजण्याइतकी फळं टिकतात, झाडाचा हिशेबच तसा आहे. वेचून चटणी करा.

भाजीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण गच्चीवर शेवंतीचे गमले रिकामे होतायत, तर महाशिवरात्र ते होळी हा पेरणीचा काळ वाया घालवू नका. याआधी पेरलं तर रात्रीच्या गारव्यात भेंडी आणि कारलं उगवतच नाही, बी मातीत कुजतं. नंतर पेरलं तर रोप लहान असतानाच लू गाठते. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, कारल्याच्या बियांचं टोक आधी नखं कापायच्या कटरनं किंचित उडवा, मग भिजवा, ओल्या फडक्यात बांधून डाळीच्या डब्याशेजारी ठेवा. मोड आला की गमल्यात. वेलांना किमान अठरा इंची गमला हवा, बारा इंचीत गिलकी लावून गिलकी येत नाही म्हणू नका. (नाशिकला तुम्ही घोसाळं म्हणत असाल, इथे भाजीवाल्याला गिलकीच सांगा.)

वेलांना पहिले पंधरा दिवस नुसती नरफुलं येतात आणि गळतात. तेव्हाही मला फोन येतात. मादीफुलाच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं, तेवढं ओळखायला शिका. गच्चीवर मधमाशी कमी येते, म्हणून परागीकरण हातानं करावं लागतं आणि इथेच बरेच जण चुकतात. गिलकी, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा नरफूल तोडून पाकळ्या सोलून मादीफुलात फिरवा. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उघडतं आणि सकाळी तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत कोमेजलेलं असतं. सकाळी कितीही काडी फिरवा, उपयोग नाही. दिवा लावला की गच्चीवर चक्कर मारायची सवय लावा. मधमाश्या बोलवायच्या असतील तर हिवाळ्यातली कोथिंबीर उपटू नका. आता ती खायला जाडी झाली, फुलू द्या. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर येणाऱ्या माश्या लिंबाचंही काम करून जातात, आणि शेवटी धने मिळतात.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. औषध शोधत बसू नका, रोप उपटून पिशवीत बांधून टाका. काकडीत फळमाशी येते, त्यासाठी कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या बघा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. गमला विटांवर ठेवा, विटा पाण्याच्या ताटलीत. मग जोराचं पाणी, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी, सूर्य मावळल्यावर. दुपारी तेल फवारलं की पानं भाजतात, हे मला माझ्याच क्रोटननं शिकवलं.

आता माझा आवडता विषय, पानं. बाहेरचे लोक वसंत म्हणजे पालवी म्हणतात. आपल्याकडे पालवीआधी पानगळ येते आणि तीही याच दिवसांत. कडुलिंब, पिंपळ, वड सगळे एकदम झडतात. तुमच्या गल्लीत रोज सकाळी झाडून ढीग लागत असेल आणि आपलं गाव स्वच्छतेत पुढे म्हणून लोक तो कौतुकानं गाणं वाजवत येणाऱ्या गाडीत टाकत असतील. तो ढीग तुमचा आहे, देऊ नका.

कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवली जाते, ती इथलीच. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे १९२४ साली वनस्पती संशोधनाची संस्था सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून काडीकचरा, शेण, मूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक वेळांनी पालटून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली आणि १९३१ साली ती छापून प्रसिद्ध केली. नव्यानं काही नाही, आपल्या शेतकऱ्यांचं आणि चीनमधल्या शेतकऱ्यांचं जुनंच शहाणपण, पण मोजून-मापून मांडलेलं. इंदूरकरांना पोह्यांचा अभिमान असतो, तेवढा याचाही असायला हरकत नाही.

घरासाठी तीन फूट लांब-रुंद-उंच जागा पुरे. अंगणात आंब्याच्या पलीकडे सावलीत करा. सगळ्यात खाली काड्या आणि छाटलेल्या फांद्या, म्हणजे हवा खेळते. वर वीतभर कोरडी पानं, वर बोटभर शेण, दूधवाल्याला सांगितलंत तर बादलीभर आणून देईल. वर मूठभर राख आणि जुनी माती. असे थर चढवत जा, प्रत्येक थर शिंपडा. ओल किती? मुठीत दाबलं तर पिळलेल्या फडक्यासारखं वाटावं, थेंब गळू नये. स्वयंपाकघरातला ओला कचरा घालायचा तर मधल्या थरात दडपा, वरवर नको. चार-पाच दिवसांत आत हात घातला तर चटका बसेल इतकं तापतं, ते चांगलं लक्षण. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पालटा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. आणखी पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, मग महिन्यानं तिसऱ्यांदा. आपल्या उन्हात ढीग वाळून बसतो आणि कुजणं थांबतं, म्हणून वर ओलं पोतं हवंच. पिंपळाची पानं चिवट असतात, ती आधी पायाखाली चुरडा, मुलांना हे काम फार आवडतं. आता लावलात तर पाऊस पडायला खत तयार.

सगळी पानं ढिगात घालू नका. निम्मी पोत्यात भरून ठेवा, कारण एप्रिलमध्ये गमल्यांवर आणि लिंबाच्या आळ्यात दोन-तीन बोटं आच्छादन लागेल. मार्चमध्ये गहू निघतो तेव्हा आसपासच्या गावांतून भुसाही मिळतो, सोयाबीनचं कुटार मिळालं तर आणखी चांगलं. बुंध्याला चिकटवू नका, बोटभर अंतर सोडा, नाहीतर वाळवीला जिना मिळतो. अंगणात आच्छादन पोचणार नाही तिथे दर पंधरवड्याला खुरप्यानं वरची माती हलवा. 'एक कोळपणी अर्धं पाणी' म्हणतात ते काळ्या मातीत अक्षरशः खरं आहे. भेगेतून जाणारी वाफ तिथेच थांबते. 'डग-डग रोटी, पग-पग नीर' हे मालव्याचं वर्णन लहानपणी ऐकलेलं, पण एप्रिलमध्ये बोअर आटायला लागली की त्यातलं नीर आपल्यालाच सांभाळावं लागतं.

हिरवी जाळी आत्ता बांधू नका. फेब्रुवारीचं ऊन झाडांना हवं असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पन्नास टक्क्यांची, डोक्यावर आणि मुख्य म्हणजे पश्चिमेला. मोगरा, बोगनवेल आणि ऑफिसटाइमची फुलझाडं जाळीबाहेर. आणि छाटणीआधी फांद्यांत घरटं आहे का ते बघा. मागच्या वर्षी मधुमालतीत बुलबुलानं अंडी घातली म्हणून मी ती वेल जूनपर्यंत तशीच सोडली, काही बिघडलं नाही.

राहिला नाशिकचा प्रश्न. हो, उरकेल. या आठवड्यात मोगऱ्याचं पाणी तोडा आणि बाकी गमल्यांची माती बदला, पुढच्या आठवड्यात मोगऱ्याची छाटणी आणि पेरणी, मग पानांचा ढीग, होळीनंतर फक्त पाणी आणि निरीक्षण. चाळीसच्या चाळीस गमले बदलू नका. पालथं करून बघा आणि ज्यांची मुळं वळलेली आहेत तेवढेच घ्या, पंधरा-सोळा निघतील. निघायच्या आदल्या दिवशी सगळे गमले टाकीच्या पूर्वेला एकमेकांना चिकटवून ठेवा, मोठे बाहेर आणि लहान मधे. गटात ठेवलेले गमले कमी वाळतात. मधोमध पाण्यानं भरलेले दोन माठ ठेवा, झाकण घालून, आणि त्यांतून सुती कापडाच्या वाती अगदी लहान गमल्यांत सोडा. खाली ताटल्यांत पाणी साठवून जाऊ नका, आठ दिवसांत डास होतात. कामवाल्या मावशींना एक दिवसाआड सकाळी आठच्या आत पाणी घालायला सांगा, आणि दोनदा घालायचं ते एकदा समोर उभं राहून करून दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका. मोगऱ्याला तोवर पहिल्या कळ्या लागतील. त्या तुमच्यासाठी राखून ठेवायच्या नाहीत असंही त्यांना सांगा. संध्याकाळी टपोऱ्या झालेल्या कळ्या तोडून घरी न्यायच्या, फूल तोडलं की मागून नवी फूट लवकर येते.